आधी मिसिंग शोधा, मग कार्बोरेटर खोला

कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० उभ्या जागी थरथरू लागली की आपले अनेक कारागीर थेट कार्बोरेटर खोलतात. आम्ही म्हणतो, आधी मिसिंग शोधा. या इंजिनाला सिलिंडर तीनच. एक बंद पडला तरी गाडी हादरते. इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक काढून लगेच लावा. जी काढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर बंद. त्याचा प्लग, वायर, मग कॉम्प्रेशन तपासा. तिन्ही चालू असतील तर व्हॅक्यूमचा फाटका पाइप, गॅस्केट पाहा. कार्बोरेटर शेवटी. गिऱ्हाईकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. पाइप बदलून कार्बोरेटरचे पैसे घेतले, तर त्या रोजीत बरकत कुठून येणार?