रंग दिसतो की नुसता माहीत असतो?

४.४ टक्के. एडिनबर्ग आणि ग्लासगो इथल्या विद्यापीठांतल्या ५०० जणांची चाचणी घेऊन ज्युलिया सिमनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सिनेस्थेशियाचं हे प्रमाण मांडलं. साधारण २३ जणांत एकाला एका संवेदनेसोबत दुसरी आपोआप जाणवते: वाराचं नाव घेतलं की रंग, सूर ऐकला की आकार. अक्षरं-अंक रंगीत जाणवणारे एकूण लोकांत एक टक्क्याहून थोडे जास्त. त्याच्या दहाच वर्षं आधीचा अंदाज मात्र दोन हजारांत एक असा होता. तो वर्तमानपत्रातल्या आवाहनाला उत्तर देणाऱ्यांवर बेतलेला होता. न कळवणारे मोजलेच गेले नाहीत.

मग या माणसांची कल्पनाचित्रंही जास्त ठसठशीत असतात का? ती मोजण्यासाठी डेव्हिड मार्क्स यांची १९७३ ची प्रश्नावली वापरतात. नेहमीच्या दुकानाचा दर्शनी भाग, उगवता सूर्य अशी १६ दृश्यं डोळ्यांसमोर आणायची आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. म्हणजे १६ गुण मिळाले तर डोळ्यांपुढे काहीच येत नाही, ८० मिळाले तर सगळं समोर घडल्यासारखं दिसतं. डब्लिनच्या बार्नेट आणि न्यूएल यांना २००८ मध्ये सिनेस्थेशिया असलेल्यांचे गुण इतरांपेक्षा जास्त आढळले.

इथे थांबलो तर निष्कर्ष चुकेल. मनात चित्र अजिबात उमटत नाही, अशी माणसं सुमारे ०.८ टक्के आहेत. अंधूक चित्रवाले धरले तर ३.९ टक्के. २०२१ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या गटाने अशा लोकांची अक्षर-रंग चाचणी घेतली. या चाचणीत ३६ अक्षरं-अंक तीन-तीनदा उलटसुलट क्रमाने येतात आणि दर वेळी रंग निवडायचा असतो. थापा मारणारा इथे टिकत नाही. तरीही चित्रहीन मनाचे काही जण उत्तीर्ण झाले! फरक एवढाच, की रंग अक्षरावर उमटलेला दिसण्याऐवजी ‘हे अक्षर निळं’ असं आतून ठाऊक असण्याकडे त्यांचा कल होता. माझ्या मते इथेच प्रश्नाचा निकाल लागतो. चित्रशक्तीमुळे सिनेस्थेशिया होत नाही. ती फक्त त्याचं रूप ठरवते.

रंग येतात कुठून? ६,५८८ इंग्रजीभाषक अक्षर-रंगवाल्यांपैकी ४०० जणांचे, म्हणजे ६ टक्क्यांचे, बरेचसे रंग फिशर-प्राइस कंपनीच्या चुंबकी अक्षरांच्या खेळण्याशी जुळले. खेळणं बाजारात आल्यानंतरच्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जातं. त्याआधी पाच किंवा जास्त वर्षं जन्मलेल्यांत एकही नाही. बालपणीची स्मृती इथे आकड्यांत पकडली गेली आहे.

आपली बाराखडी रंगीत आहे का, हे घरीही पाहता येईल. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत प्रत्येक अक्षरापुढे रंग लिहा, तारीख टाका आणि कागद दुसऱ्या कुणाकडे ठेवायला द्या. सहा महिन्यांनी न बघता पुन्हा लिहा आणि ताडून पाहा. मुलांनाही विचारा. एखादं मूल ‘मंगळवार हिरवा असतो’ म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका.