७ नोव्हेंबर : एक तारीख, दोन कालगणना

दिनविशेषांत ७ नोव्हेंबरखाली १४९२ मधील अशनिपात आणि १६३१ मधील बुधाचे अधिक्रमण या दोन्ही घटना शेजारी शेजारी दिल्या जात असल्या, तरी काटेकोर अर्थाने त्यांची तारीख एक नाही. अल्सासमधील एन्सिसहाइम गावाजवळ सुमारे १२७ किलोग्रॅमची शिला आकाशातून कोसळली, तेव्हा युरोपात ज्युलियन कालगणना चालू होती, तिचे ३६५.२५ दिवसांचे सरासरी वर्ष ऋतुचक्राच्या वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने शतकानुशतके फरक साचत गेला आणि तो दूर करण्यासाठी १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी सुधारित कालगणना लागू करून ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर ठरवला. या हिशेबाने तो अशनिपात १६ नोव्हेंबरला येतो.

१६३१ ची नोंद मात्र सुधारित कालगणनेतीलच आहे. ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसणे म्हणजे अधिक्रमण. योहानेस केप्लर यांनी ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार मानून बुधाच्या अधिक्रमणाचे भाकीत केले होते, पण ते खरे ठरण्याच्या सुमारे वर्षभर आधीच त्यांचा मृत्यू झाला. पॅरिसमध्ये पिएर गासेंदी यांनी सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून निरीक्षण केले, तेव्हा दिसलेला काळा ठिपका इतका लहान होता, की प्रथम तो त्यांना सौरडागच वाटला. त्याच्या वेगावरून तो बुध असल्याचे स्पष्ट झाले. अधिक्रमणाचे मानवाने केलेले हे पहिले ज्ञात निरीक्षण होय, आणि या तारखेचा सर्वांत मोठा मान त्यालाच द्यायला हवा.

मेरी क्युरी (१८६७, वॉर्सा), लीझ माइटनर (१८७८, व्हिएन्ना) आणि चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८, तिरुचिरापल्ली) यांचा जन्मदिवसही हाच. किरणोत्सार, अणुगर्भाचे विखंडन आणि प्रकाशाचे विकिरण या विषयांतील तीन थोर संशोधक एका तारखेला यावेत, यात संकेत शोधण्याचा मोह होतो. परंतु जन्मतारखा वर्षभर सारख्या विखुरलेल्या मानल्या, तर केवळ २३ माणसांतही २५३ जोड्या होतात आणि त्यांपैकी निदान एका जोडीची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. नामवंत तर हजारोंनी आहेत.

त्यातही माइटनर यांच्या जन्माची तारीख व्हिएन्नाच्या ज्यू समाजाच्या नोंदवहीत १७ नोव्हेंबर अशी आहे, तर इतर कागदपत्रांत ७ नोव्हेंबर आहे. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी घेतलेला प्रवेश शाळेच्या रजिस्टरात नोंदलेला असून, २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तारखेला वजन येते ते अशा नोंदीमुळे. म्हणून दिनविशेष छापणाऱ्यांनी १५८२ पूर्वीच्या, आणि ज्या देशांनी सुधारणा उशिरा स्वीकारली तेथील त्यानंतरच्याही, प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या कालगणनेतील आहे हे अवश्य लिहावे.