शेत ते बाजार : भाग ७ – जुनी पिकअप कोणत्या सालाची?

गेल्या आठवड्यात नव्या पिकअपच्या हप्त्यांचा हिशेब मांडला होता. त्यानंतर जांब समर्थला एका मोसंबीच्या बागेत गेलो, तर बागेच्या मालकाने सरळच विचारलं, “दादा, नवी तर झेपत नाही. जुनी घ्यायची म्हणलं तर कोणत्या सालाची घ्यावं?”

प्रश्न नेमका होता. लोक कंपनी विचारतात, रंग बघतात, किलोमीटर बघतात आणि साल फक्त भाव पाडायला वापरतात. पण जुन्या पिकअपमध्ये साल म्हणजे नुसतं वय नव्हे. त्यावरून आत कोणत्या पिढीचं इंजिन आहे आणि ते बिघडलं तर कोण दुरुस्त करू शकेल, हे कळतं.

आधी वजनाचं बोलू. मोसंबीचं एक क्रेट साधारण वीस किलोचं धरा. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पाऊण टनाचा. त्यात पस्तीस-सदतीस क्रेट नियमात बसतात. २०११ चा अशोक लेलँड दोस्त किंवा सव्वा टनाची बोलेरो पिकअप घेतली तर साठ. ज्याची बाग दोन-अडीच एकरांची आणि माल कुंभार पिंपळगावपर्यंतच न्यायचा, त्याला छोटा हत्ती पुरतो. जालन्याच्या मोसंबी बाजारात स्वतः माल घेऊन जायचं असेल, वर हंगामात शेजाऱ्याचा कापूसही टाकायचा असेल, तर पिकअपच घ्यावी.

आता पिढ्या, म्हणजे धुराच्या नियमांचे बीएस टप्पे. आपल्या जालना जिल्ह्यात मार्च २०१७ पर्यंत बीएस-३ गाड्या विकल्या गेल्या. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. मुंबई-पुण्यात मात्र बीएस-४ चा नियम २०१० पासूनच होता. म्हणून २०१४ ची एमएच २१ पासिंगची गाडी आणि त्याच सालाची पुण्याहून आलेली गाडी आतून वेगळी निघू शकते. सालावर थांबू नका, नोंदणीची माहिती उघडून उत्सर्जनाचा रकाना वाचा.

जुन्या पिढीच्या डिझेल पिकअपमध्ये पंप यांत्रिक. टाटा २०७ डीआय किंवा जुनी बोलेरो पिकअप रस्त्यात बंद पडली, तर तालुक्याचा मिस्त्री पाना-पकड घेऊन येतो आणि बहुतेक वेळा चालू करून देतो. पुढच्या पिढीत कॉमन रेल आलं. डिझेल फार मोठ्या दाबाने, संगणकाच्या हुकमावर इंजिनात जातं. ओढ चांगली, धूर कमी. पण इंजेक्टर नाजूक. ड्रममध्ये साठवलेलं पाणी-कचऱ्याचं डिझेल या गाडीला चालत नाही आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलावाच लागतो.

बीएस-६ मध्ये धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी आतली उष्णता वाढवून काजळी जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. आमच्याकडे खरी अडचण इथेच येते. बागेतून गावात, गावातून परत बागेत, काळ्या मातीच्या रस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दोन-तीन किलोमीटर. दिवसभर हेच चाललं तर काजळी जळायची कधी? डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, शेवटी गाडीची ओढ जाते आणि ती शोरूमच्या कार्यशाळेत न्यावी लागते. हीच गाडी आठवड्यातून दोनदा जालन्याला जात असेल तर सहसा हा त्रास होत नाही.

आता चेसिस. माझ्या मते इंजिनाच्या आधी तीच बघावी. मागच्या वर्षी चुलतभावासाठी एक पिकअप बघितली. दलालाने ती धुऊन-पुसून, हौद्याला नवा रंग मारून उभी केली होती. मी गोणपाट टाकून खाली शिरलो. सगळी चेसिस काळ्या रंगाने चकाकत होती आणि जुन्या गाडीची चेसिस चकाकत नसते. केबिनच्या मागे, हौदा सुरू होतो तिथे किल्लीने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली वेल्डिंगची जाड वळी आणि वीतभर लांबीची लोखंडी पट्टी. चेसिस तिथे तडकलेली होती. मागे पाट्यांकडे पाहिलं तर एक पाटा जास्तीचा, बाकीच्यांपेक्षा नवा. म्हणजे या गाडीने वर्षानुवर्षं कुवतीबाहेरचं ओझं ओढलं होतं. इंजिन मात्र गोड वाजत होतं. भावाने इसार दिला नव्हता, म्हणून वाचलो.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण उघडा. तिथून धुराचे जोरदार भपके येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिनकाम आलं. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑईल जळतंय. सीट उचलून खाली गाळाची रेघ दिसते का तेही पाहा, गाडी पुरात बुडालेली असू शकते.

माझा कौल असा : बाग ते गाव एवढीच धाव असेल तर २०१७ ते मार्च २०२० मधली बीएस-४ गाडी घ्या. लांबची भाडी नियमित असतील तर बीएस-६. बीएस-३ फक्त त्याने घ्यावी, ज्याचा हक्काचा मिस्त्री गावात आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तो खर्च सौद्यात धरा. नोंदणीवरचं एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, हाही आकडा वाचून घ्या.

कागदांचा भाग पुढच्या आठवड्यात सविस्तर येईल. तोवर कुणी सौद्याला बसणार असेल तर एवढं करा : गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय, आणि फॉर्म २९ व ३० वर मूळ मालकाने तुमच्यासमोर सही केल्याशिवाय, पूर्ण रक्कम देऊ नका.