बजेट चाळीस हजार, टीव्ही पंचावन्न इंची: पैसा नेमका कुठे घालायचा?

आजचा प्रश्न सरळ आहे. घरी जुना ३२ इंची टीव्ही आहे, आता मोठा घ्यायचाय आणि बजेट चाळीस हजारांच्या आसपास. काय घ्यावं?

मॉडेलची नावं मी सांगणार नाही. ती दर काही महिन्यांनी बदलतात, आज सांगितलेलं दिवाळीला शिळं होतं. त्याऐवजी एकच सूत्र सांगतो, ते लक्षात ठेवा: टीव्हीत नंतर बदलता येत नाही ती एकच गोष्ट, पॅनल. आवाज कमी वाटला तर साउंडबार जोडता येतो. स्मार्ट सिस्टीम रखडायला लागली तर स्टिक लावता येते. पॅनल मात्र आहे तोच राहणार. म्हणून कमी बजेटमधला प्रत्येक रुपया आधी पॅनलवर, मग बाकीच्यावर.

आधी टेप काढा

दुकानात जायच्या आधी घरात मोजमाप करा. भिंतीपासून तुम्ही बसता तिथपर्यंत किती फूट आहे? ४के टीव्हीसाठी साधारण हिशेब असा: ४३ इंचीला साडेचार ते सहा फूट, ५५ इंचीला साडेपाच ते साडेसात, ६५ इंचीला साडेसहा ते नऊ फूट. आपल्याकडच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये ५५ बहुतेक वेळा आरामात बसतो. अंतर साडेचार-पाच फूटच असेल तर ४३ घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या पॅनलला द्या.

इंच हे कर्णाचं माप असतं, म्हणून आकड्यावरून फरक कमी वाटतो. प्रत्यक्षात ४३ वरून ५५ वर गेलात की पडद्याचं क्षेत्रफळ जवळपास ६४ टक्क्यांनी वाढतं. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट. स्वस्त टीव्हीचे पाय बहुतेक दोन टोकांना असतात, त्यामुळे आजोबांच्या काळातल्या तीन फुटी टेबलावर तो बसेलच असं नाही. जिना आणि लिफ्टही बघून ठेवा. खोका टीव्हीपेक्षा मोठा असतो आणि टीव्ही कधीही आडवा टाकून न्यायचा नसतो.

तुम्ही बघणार काय?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पस्तावा इथेच होतो. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीत यांच्या फक्त एक चतुर्थांश. आता घरी केबलवर साधं एसडी चॅनल लागतं, त्याचं चित्र ७२० गुणिले ५७६ चं. ते एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणलं की आईची मालिका जुन्या टीव्हीपेक्षा धुरकट दिसते. दोष टीव्हीचा नसतो, सिग्नलचा असतो. सेट-टॉप बॉक्स एचडी करायचा खर्चही बजेटमध्ये धरा.

आणि फोनवर बघणाऱ्यांनो, हे नीट ऐका. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, आणि ४के फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं. ४के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग सुचवतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे फोनचा हॉटस्पॉट लावलात तर रोजचा २ जीबी सतरा मिनिटांत खलास! घरी वाय-फाय नसेल तर टीव्हीच्या किमतीत ब्रॉडबँडचं महिन्याचं बिलही मिळवा.

स्टिकरवरचे शब्द

*क्यूएलईडी.* ओएलईडीशी नाव जुळतं, पण जात वेगळी. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. क्यूएलईडी हा मागून प्रकाश टाकणारा एलसीडीच, रंग खुलवणाऱ्या एका जास्तीच्या थरासह. चांगला असू शकतो, पण नुसत्या नावाचे पाच हजार जास्त देऊ नका.

*एचडीआर.* खोक्यावर लिहिलंय म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो, एवढंच. तो नीट दिसायला पडदा झगझगीत उजळावा लागतो. २५०-३०० निट्सच्या पॅनलवर फरक फारसा कळत नाही. निट्सचा आकडा विचारा. सांगत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

*मोशन रेट १२०.* हा कंपनीने ठरवलेला आकडा. तुम्ही विचारायचं, "नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?" या बजेटमध्ये उत्तर बहुतेक ६० हर्ट्झ येईल. मालिका, सिनेमा, क्रिकेटला तो चालतो. कन्सोलवर गेमिंग करणाऱ्यांनीच वरच्या आकड्याचा विचार करावा.

*आयपीएस की व्हीए?* घरात सगळे समोर बसत असतील तर व्हीए, त्यात काळा रंग गडद दिसतो. कुणी सोफ्यावर, कुणी बाजूच्या दिवाणावर, कुणी खाली चटईवर अशी मैफल असेल तर आयपीएस, तो बाजूनेही फिका पडत नाही.

दुकानात करायच्या तीन गोष्टी

एक, शोरूममध्ये टीव्ही भडक मोडवर असतो आणि डेमो व्हिडिओ रंगीबेरंगी फुलांचा. दुकानदाराला सांगा, "काका, जरा सिनेमा मोड लावा."

दोन, स्वतःचा पेन ड्राइव्ह न्या. त्यात रात्रीच्या अंधाऱ्या दृश्याचा एक व्हिडिओ ठेवा. काळा भाग राखाडी दिसतोय का, कडेने उजेड गळतोय का, ते लगेच कळतं.

तीन, टीव्हीसमोरून बाजूला चाला आणि रंग किती उतरतो ते बघा. ऑनलाइनच घेणार असाल तरी हे दुकानात जाऊन करून या.

पैशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ३० हजार धरली तर आधी ३८,४०० व्हायचे, आता ३५,४००. त्यामुळे जुन्या छापील किमतीवर "खास सूट" दाखवत असतील तर त्यात कराचा वाटा किती आणि दुकानाचा किती, ते विचारा.

नो-कॉस्ट ईएमआयही तपासा. व्याज सूट म्हणून वजा होतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येते. एकरकमी दिले तर किती कमी कराल, हेही विचारायला लाजू नका.

वॉरंटीत "पॅनलसाठी किती वर्षं?" हा प्रश्न वेगळा विचारा. पॅनल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे पाच हजारांच्या सवलतीपेक्षा महत्त्वाचं. सांगलीत राहून पुण्याहून माणूस यायची वाट बघणं परवडत नाही.

टीव्ही घरी आला की खोका उघडताना फोनवर व्हिडिओ काढा. बसवणारा माणूस जायच्या आत पडद्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग लावून बघा. डाग किंवा मेलेला पिक्सेल असेल तर तेव्हाच दाखवा. नंतर "तुमच्याकडूनच झालं" ऐकावं लागतं.

तर मंडळी, क्रम असा: अंतर, सिग्नल, पॅनल, सर्व्हिस आणि मग सवलत. आपण उलट्या टोकाने, म्हणजे सवलतीपासून सुरुवात करतो, म्हणून फसतो. तुमच्या हॉलचं अंतर आणि बजेट कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!