भुंकण्याआधीची पावलं

लिफ्टचं दार उघडतं. आत चौथ्या मजल्यावरच्या काकू, हातात भाजीची पिशवी. बाहेर चार किलोचं पॉमेरेनियन. काकू दिसताच ते पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभं राहतं आणि असं काही भुंकतं की काकू लिफ्टच्या भिंतीला टेकतात. मालक झटकन त्याला उचलून काखेत धरतो आणि म्हणतो, "काही करत नाही हो तो!" पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये हा प्रसंग रोजचाच. काकूंना वाटतं, कुत्रं आगाऊ आहे. मालकाला वाटतं, लाडानं बिघडलं आहे. बहुतेक वेळा खरी गोष्ट तिसरीच असते. ते कुत्रं घाबरलेलं असतं.

एखादी गोष्ट दिसली, ऐकू आली की तिच्या मानानं फार मोठी प्रतिक्रिया देणाऱ्या कुत्र्याला ट्रेनर मंडळी 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणतात. कुणाला दुसरं कुत्रं चालत नाही, कुणाला हेल्मेट घातलेला माणूस, कुणाला स्कूटरचा आवाज. वीतभर उंचीवरून हे जग पाहायला हवं. तिथून माणसाचे बूट डोळ्यांच्या पातळीला येतात आणि प्रेमानं पुढे केलेला हात वरून झेप घेतल्यासारखा अंगावर येतो. भीती वाटली तर पळून जाता येत नाही, कारण गळ्यात पट्टा आहे. मग उरतं भुंकणं, आणि भुंकण्याचा उपयोग होतो. कुरिअरवाला दाराशी येतो, कुत्रं भुंकतं, तो पाकीट देऊन निघून जातो. तो तसाही जाणारच होता, पण कुत्र्याच्या लेखी त्यानंच त्याला हाकललेलं असतं. दिवसातून तीन वेळा हा धडा गिरवला जात असेल, तर महिनाभरात तो किती पक्का होईल!

असं कुत्रं घरात असणं ही काही विरळ गोष्ट नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली आणि २०२० साली प्रसिद्ध केली. त्यात ७२.५ टक्के कुत्र्यांमध्ये भीती किंवा अस्वस्थतेशी जोडलेली एक तरी अडचण आढळली. सर्वांत जास्त होती आवाजाची भीती, ३२ टक्के कुत्र्यांमध्ये. फटाके फुटायला लागले की पलंगाखाली शिरणारं कुत्रं ज्यांच्या घरात आहे, त्यांना या आकड्याचं नवल वाटणार नाही.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत मात्र आणखी एक बाजू आहे, आणि ती माणसांची आहे. व्हिएन्नात बाराशेहून अधिक मालकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर आधारित एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लहान कुत्री कमी आज्ञाधारक, जास्त चिडकी आणि जास्त भित्री असल्याचं त्यात दिसलं. पण त्यांचे मालक त्यांच्याशी वागताना कमी सातत्य ठेवतात आणि त्यांना शिकवण्यात, त्यांच्याबरोबर खेळण्यात कमी वेळ घालवतात, हेही दिसलं. यातलं इंगित कळायला फार डोकं खाजवावं लागत नाही. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरनं पट्टा ओढला तर माणूस आपटतो, म्हणून त्याला शिकवावंच लागतं. चार किलोच्या कुत्र्यानं ओढला तर त्याला उचललं की झालं. शिकवण्याची गरजच कुणाला भासत नाही. आणि न विचारता, न सांगता दिवसातून वीस वेळा उचललं जाणं हे त्या कुत्र्याला आवडतं का, हेही कुणी पाहत नाही.

भीती किती खोल जाते आणि ती उतरते कशी, या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात १९२४ हे साल महत्त्वाचं आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रशियातल्या लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. माणसं पोहोचली तेव्हा ती कशीबशी नाक पाण्याबाहेर काढून तरंगत होती. ती वाचली, पण त्यांतली काही कुत्री आधी शिकलेलं सारं विसरून गेली. एका कुत्र्याचं शिक्षण हळूहळू परत आलं, तेव्हा त्याच्या खोलीत दाराखालून पाण्याचा एक ओहोळ सोडण्यात आला. तेवढ्यानं ते पुन्हा कोलमडलं. घाबरलेल्या जिवाला 'बस' म्हटलेलं ऐकू का येत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं अवघड आहे.

त्याच साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तो पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाबद्दल होता. पीटर सशाला घाबरायचा. जोन्स यांनी त्याला समजावलं नाही, दटावलं नाही. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला. पीटर बिचकणार नाही, खाणं सोडणार नाही, इतक्याच बेतानं तो रोज जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हातानं गोंजारू लागला. आज चांगला ट्रेनर भित्र्या कुत्र्याबरोबर जे करतो, ते मुळात हेच असतं.

म्हणून भित्र्या कुत्र्याच्या शिक्षणात पहिला धडा 'बस' किंवा 'थांब' नसतो. पहिला धडा मालकाचा, आणि तो अंतराचा. दुसरं कुत्रं किती लांब असताना आपलं कुत्रं त्याला बघतं, पण भुंकत नाही आणि हातातला खाऊ घेऊ शकतं? कुणाचं हे अंतर पंधरा पावलांचं असेल, कुणाचं अख्ख्या मैदानाचं. त्या अंतरावर काम सुरू करायचं. क्रम महत्त्वाचा: आधी ते दुसरं कुत्रं दिसलं पाहिजे, मग लगेच तोंडात खाऊ आला पाहिजे. ते दिसेनासं झालं की खाऊही बंद. क्रम उलटला तर खाऊ दिसल्याबरोबर कुत्रं संकटाच्या शोधात इकडेतिकडे पाहू लागतं. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे मुगाएवढे तुकडे पुरतात, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा घातलेलं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही. मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

इथं घरोघरी एक शंका निघते: भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर भुंकण्यालाच बक्षीस मिळणार ना? पण भीती ही काही कुत्र्यानं ठरवून केलेली करामत नाही. ती भावना आहे, खाऊनं ती वाढत नाही. आणि कुत्रं भुंकलंच, तर त्याचा अर्थ एवढाच की अंतर चुकलं. 'चल' म्हणून हसतमुखानं मागं वळायचं आणि लांब जायचं. हे 'चल, मागं वळ' घरात, कुणीही नसताना, शंभर वेळा खेळासारखं घोटलेलं असलं, तरच रस्त्यावर उपयोगी पडतं.

बाकीच्या आज्ञाही अशाच, घरापासून सुरू होतात. आधी हॉल, मग जिना, मग पार्किंग, मग पहाटेचा रिकामा रस्ता. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे. मराठी घरात 'बस' या शब्दाची एक गंमतशीर अडचण आहे. पोळी वाढताना 'बस', मुलं भांडताना 'बस झालं', आणि शाळेची बस आली तरी 'बस'. कुत्र्यानं नेमकं कधी बसायचं? त्यात आजी म्हणणार 'खाली बस', बाबा म्हणणार 'सिट' आणि मुलगी म्हणणार 'बैस ना रे'. घरातल्या सगळ्यांनी बसून एकच शब्द ठरवावा आणि त्याला हाताची एकच खूण जोडावी. कुत्री खुणा लवकर उचलतात. शिकवणाऱ्यानं स्वतः जमिनीवर बसावं, कुत्र्यावर ओणवं होऊ नये. गुळगुळीत फरशीवर लहान कुत्र्याचे पाय सरकतात, त्यामुळे ते बसायला नाखूश असतं. तिथं चटई टाकली की निम्मं काम होतं. उचलण्याआधीही 'वर' असा एखादा शब्द म्हणून क्षणभर थांबावं. आपल्याला उचललं जाणार आहे हे आधी कळलं, तर कुत्रं दचकून दात लावत नाही.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस वापरणं बरं. पॉमेरेनियन, यॉर्कशायर, चिवावा अशा जातींमध्ये श्वासनलिका दबली जाण्याचा आजार बराच आढळतो, आणि गळ्याला बसणारे हिसके त्यात भर घालतात.

हिसके, वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका, मान धरून दाबणं, हे सारं 'आपण म्होरके आहोत हे त्याला कळू दे' या समजुतीतून येतं. तिचं मूळ संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांच्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांत आहे. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. शिक्षेचा कुत्र्यांवर काय परिणाम होतो, याबद्दल २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या वागण्यात ताणाच्या खुणा जास्त होत्या आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं होतं. व्यवहारातला धोका आणखी साधा आहे. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी ते इशारा न देता चावतं.

खरं तर इशारे गुरगुरण्याच्याही आधी सुरू होतात. झोप आलेली नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, एक पंजा वर उचलून थबकणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं. हे दिसलं की तिथंच थांबायचं.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे: अंतर आणायचं कुठून? गेटबाहेर भटकी कुत्री, वाटेत स्कूटरी, लिफ्ट चार माणसांची. परदेशी पुस्तकांतली मोकळी मैदानं इथं नाहीत. म्हणून उभ्या गाडीचा आडोसा घ्यायचा, जमेल तिथं लिफ्ट सोडून जिना धरायचा, फिरण्याच्या वेळा बदलायच्या. एखाद्या दिवशी वाटेत सलग तीन भीतीचे प्रसंग आले, तर घरी परतून नुसते हुंगायला लावणारे खेळ खेळायचे. टॉवेलात गुंडाळलेला खाऊ शोधणं हेही पुष्कळ असतं. दिवाळीची तयारी गणपतीच्या आधीपासून करता येते. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावायचा आणि सोबत खाऊ द्यायचा.

एवढं करूनही काही हलत नसेल किंवा चिडचिड अचानक वाढली असेल, तर आधी पशुवैद्य. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं आणि दात किडणं-हलणं ही दुखणी नेहमीची. दुखणारं कुत्रं स्पर्शाला घाबरतंच. फार खोल अस्वस्थतेवर औषधंही आहेत. एकटं राहण्याच्या भीतीसाठी फ्लुऑक्सेटिन वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ सालीच मान्यता दिली. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी अर्ध्या करून देण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो.

आणि काकू? त्यांचीही मदत हवी. थोडं बाजूला वळून उभं राहायचं, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, 'अले अले' करत डोक्यावरून हात पुढे करायचा नाही. मालकानं "काही करत नाही" म्हणण्याऐवजी "तो घाबरतो, तुम्ही पुढे व्हा, आम्ही पुढच्या लिफ्टनं येतो" एवढं म्हणावं. दार बंद होईपर्यंत कुत्र्याला पाच पावलं मागं, जिन्याजवळ उभं करावं आणि काकू दिसत असेतो पनीरचे तुकडे भरवत राहावं. काही आठवड्यांनी एखाद्या दिवशी दार उघडतं, काकू दिसतात, कुत्र्याचे कान टवकारतात आणि ते भुंकण्याऐवजी मान वळवून मालकाच्या हाताकडे बघतं.