नाटकांतील गाणें पडद्यावर येतें तेव्हां

इ. स. २०१५ च्या दिवाळींत सुबोध भावे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहून आम्ही मंडळी लोकलनें वसईस परतत असतां गाडींतच आमच्या घरच्या आजोबांचें आणि त्यांच्या नातीचें बिनसलें. आजोबांनीं तरुणपणीं मूळ नाटक पाहिलेलें. “हें आमचें नाटक नव्हे,” एवढेंच बोलून ते खिडकीबाहेर पाहत बसले. नात म्हणाली, “आजोबा, मला तर रडूं आलें! तुम्हांला गाणीं आवडलीं नाहींत का?” त्यावर उत्तर आलें नाहीं. दोघेंही मनापासून बोलत होतीं, आणि म्हणूनच हा वाद विचार करण्याजोगा आहे. एकच गाणें एकास भावतें आणि दुसऱ्यास खुपतें, हें कां व्हावें?

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं १८८० सालीं पुण्यांत ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांत दोनशेंच्या आसपास पदें होतीं. राजा बोलतां बोलतां गाऊं लागतो, याचें त्या प्रेक्षकांस नवल वाटलें नाहीं. अरण्य रंगविलेल्या पडद्याचें, शकुंतलेच्या वेषांत पुरुष; जेथें सारेंच लटकें आहे हें उभयपक्षीं मान्य, तेथें एकटें गाणेंच खोटें कसें ठरावें? आपल्या वसईकडील लग्नें आठवा. हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीविधीला बायका गाणीं म्हणतात. ‘या साध्या शब्दांत कां बोलत नाहींत?’ असें कोणी पुसत नाहीं. तो संकेत लहानपणापासून आपल्या कानांत मुरलेला असतो.

शिवाय नाटकांतील पद पुरें होण्यास प्रेक्षक लागतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालीं आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि भामिनी बालगंधर्वांची. पुढें १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं मिळून मुंबईंत ‘संयुक्त मानापमान’ केलें. त्या रात्रीं आलेल्यांस कथानक अगोदरच ठाऊक होतें. ते आले होते दोन गळे एकत्र ऐकावयास. ‘वन्समोअर’ मिळाला कीं पद पुन्हां होई, आणि दुसऱ्यानें होतांना तें पहिल्यासारखें नसे.

आतां कॅमेरा आला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, तो मूकपट. तीच कथा प्रभातनें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत पुन्हां सांगितली, आणि हरिश्चंद्र झाले ते ‘मानापमान’चेच गोविंदराव टेंबे! जुन्याचें नवें करण्याची हौस आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे, ती कांहीं आजच्या पिढीची खोड नव्हे. त्या काळीं नट स्वतः गात असे. पार्श्वगायन रुळल्यावर चेहरा एकाचा व गळा दुसऱ्याचा असें झालें. त्यांत पडद्यावर दिसणारें अरण्य खरें, नदी खरी. मग ही सारंगी कोठून वाजते, असा प्रश्न ज्याच्या मनांत येतो त्याचें गाण्यांतून लक्ष उडतें. असा मनुष्य अरसिक असतो असें मुळींच नाहीं. व्ही. शांताराम यांस ही अडचण नीट कळली होती. ‘कुंकू’ (१९३७) मध्यें त्यांनीं पार्श्वसंगीत टाळलें, आणि गाणीं कथेंतील प्रसंगांतूनच निघूं दिलीं. शांता आपटे यांच्या तोंडीं तर त्यांनीं लाँगफेलो कवीची इंग्रजी कविताही घातली!

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस जवळचें उदाहरण हवें असेल तर ‘लायन किंग’ घ्या. १९९४ च्या चित्रपटांतील सिंह हातानें काढलेला होता. तो भुंवया उंचावी, ओठ मुरडी, आणि गाई, तें शोभे. २०१९ सालीं तीच कथा पुन्हां केली, तेव्हां संगणकानें त्याचा केस न् केस खऱ्या सिंहासारखा केला. परंतु खऱ्या सिंहाच्या मुखावर हंसूं कोठून येणार? त्यामुळें गाणें त्याच्या तोंडून न येतां शेजारून कोणी तरी म्हणत आहे असें पुष्कळांस वाटलें. रंगविलेला पडदा काढून खरें अरण्य ठेवल्यानें जें होतें, तेंच येथें झालें.

‘कट्यार’ची गोष्ट या बाबतींत सुदैवी. तिच्यांतील माणसेंच गवई, भांडण दोन घराण्यांच्या गायकीचें. तेथें गाऊं नये तर काय करावें? ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट १० जानेवारी २०२५ रोजीं आला, त्यास ही सवलत नव्हती; तेथें प्रेमिकांनीं गाणें हा निव्वळ संकेतच, आणि तो आजच्या प्रेक्षकांस नव्यानें शिकवावा लागतो. माझ्या मतें तें काम फार अवघड आहे.

मग आजोबांस काय खुपलें? १९६७ च्या त्या नाटकाचें संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें, आणि खांसाहेब वसंतराव देशपांडे. चित्रपटांत खांसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा, व गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्याच नातवाचा. कानांस ओळखीचें, डोळ्यांस परकें! त्यांतून रंगमंचावर मनसोक्त फुलणारें पद पडद्यावर कांहीं मिनिटांत आटोपलेलें. दादरला प्रयोग पाहून शेवटच्या लोकलनें वसईस येणारा पंचविशींतला तरुण त्या पडद्यावर कोठेंच नव्हता, ही खरी उणीव. आणि ती कोणताही दिग्दर्शक भरून काढूं शकला नसता. नातीला मात्र तें दार प्रथमच उघडलें होतें.

पुढें एका रविवारीं तिनें मोबाइलवर वसंतरावांचें जुनें ध्वनिमुद्रण लावलें. आजोबा वर्तमानपत्र खालीं ठेवून मांडीवर ताल धरूं लागले. तिनें विचारलें, “नाटक किती वेळां पाहिलें तुम्हीं?”

“तीनदां,” ते म्हणाले. “तिन्ही वेळां हें पद निराळें होतें. थांब, आतां ऐक, येथें काय करतात तें.”