गाडी खाली आली, चाकांचं काय?

अलीकडे शहरातच काय, तालुक्याच्या गावातही जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी एखादी छोटी मोटार हमखास दिसते. चाक आणि वरची कमान यांच्यामध्ये बोट शिरणार नाही, इतकी ती खाली बसलेली असते. तरुण मुलांना ती ऐटबाज वाटते. आमच्या पिढीला वाटतं, मागच्या सीटवर सिमेंटची पोती ठेवली असावीत! आवडनिवड ज्याची त्याची. पण मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवायला हजारो रुपये मोजणारी मंडळी त्यानंतरच्या व्हील अलाइनमेंटला मात्र ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतात. आज बोलायचं आहे ते या पुढच्या महिन्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, कवीचं गॅरेजात काय काम? कवितेत एका मात्रेनं चाल बिघडते, गाडीत एका अंशानं. एवढं नातं मला पुरेसं आहे.

उदाहरणाला आपण मारुती स्विफ्ट घेऊ. २००५ साली ती भारतात आली आणि घराघरांत पोचली. तिच्या पुढच्या चाकांना जी रचना आहे, तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावरून हे नाव पडलं. १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून ही रचना रूढ झाली आणि आज जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तीच असते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब, खालून चाकाला धरणारा लोअर आर्म, आणि स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत नेणारा टाय रॉड, असा हा संसार आहे.

आता गाडी खाली घेतली की काय होतं? लोअर आर्म आणि टाय रॉड दोन्ही खांद्यातून फिरणाऱ्या हातांसारखे वरखाली होतात. कंपनीनं ठरवलेल्या उंचीच्या आसपास त्यांचं एकमेकांशी जमेल, अशी त्यांची लांबी आणि बैठक आखलेली असते. उंची बदलली की एक हात थोडा जास्त फिरतो, दुसरा थोडा कमी. चाक दोघांच्या मध्ये सापडतं आणि तिरकं होतं.

हा तिरकेपणा मुख्यतः दोन प्रकारचा. समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत किंवा बाहेर कलला असेल, तर तो कॅम्बर. गाडी खाली घेतली की साधारणपणे माथा आत झुकतो. वरून पाहिल्यावर चाकांची नाकं एकमेकांकडे वळली असतील, तर टो-इन. फाकली असतील, तर टो-आउट. आपण चालताना पावलं आत किंवा बाहेर टाकतो ना, अगदी तसंच. कॅस्टर नावाचा तिसराही कोन असतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं, ते त्याच्यामुळे.

टायर जास्त खातो तो टो. साधा हिशेब करू. चाक फक्त पाव अंश तिरकं आहे असं धरा. ते चालतं सरळ, पण त्याचं तोंड तिरकं. म्हणजे दर किलोमीटरला ते सुमारे ४.४ मीटर आडवं घासलं जातं. हजार किलोमीटरला जवळजवळ साडेचार किलोमीटर! कुठलं रबर टिकेल?

त्यात माथा आत झुकलेला असला, तर झीज होते ती टायरच्या आतल्या कडेला. खरा धोका इथे आहे. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो आणि आत पार गुळगुळीत, कधी कधी तारा बाहेर आलेल्या. पावसाळ्यात घाटात ब्रेक दाबला की असा टायर रस्ता सोडतो आणि द्रुतगती मार्गावर तो फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. गाडीत आपण एकटे नसतो, घरची माणसं असतात.

मग करायचं काय? स्प्रिंगा बसवल्या की त्याच दिवशी अलाइनमेंटची घाई नको. शे-दोनशे किलोमीटर गाडी बेतानं चालवा. स्प्रिंगा बसू द्या, उंची स्थिर होऊ द्या. पण त्याहून लांबवू नका. लोअर आर्मचे बोल्ट चाकं अधांतरी असताना शेवटचे आवळले असतील, तर मिस्त्रीला सांगून गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा आवळून घ्या. नाहीतर आतला रबरी बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी चढवण्याआधी टायरमधली हवा नेमकी करा. बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक, बुश यांत खेळ आहे का, ते तपासायला सांगा. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर मांडलेली रांगोळी. चारही चाकांची मापं घ्यायला लावा. स्विफ्टच्या मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा एकसंध असतो, त्यामुळे तिथे पुढच्यासारखी कोन फिरवण्याची सोय नाही. तरी माप हवंच, कारण मागची चाकं तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी चालते. पुढे आधी कॅम्बर पाहायचा, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो.

छोट्या गाड्यांत बहुधा टो तेवढाच सहज फिरवता येतो. कॅम्बर फारच बिघडला असेल, तर विक्षिप्त आकाराचे खास कॅम्बर बोल्ट टाकावे लागतात. आधीची आणि नंतरची मापं असलेला छापील कागद मागून घ्या. नंतरही कॅम्बर मर्यादेबाहेर दिसत असेल आणि दुकानदार ‘चालतंय की’ म्हणत असेल, तर समजा की गाडी प्रमाणाबाहेर खाली गेली आहे. मग दर महिन्याला हात घालून टायरची आतली कड चाचपा.

दोन गोष्टी स्प्रिंगा घेण्याआधीच्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडचे गतिरोधक मानक वाचून बांधलेले नसतात, हे तुम्ही जाणताच. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. तेव्हा आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा.

आणि एवढं करूनही गाडी खाली घ्यायचीच असेल, तर अलाइनमेंटचे पैसे स्प्रिंगांच्या पैशांतच धरा. ते वेगळे समजलात, तर ते टायरवाल्याकडे जाणार, आणि जास्तच जाणार.